आठ बिऱ्हाडांचं धुणं

हेडक्लार्कांना धुणं धुण्याची लाज वाटत नव्हती. लाज वाटत होती ती कुणी पाहील याची. म्हणून ते पहाटे उठायचे, न्हाणीघराचं दार आतून लावायचे आणि नळ इतका बारीक सोडायचे की आपण भरतोय हे बादलीलाही कळू नये. कपडे घासायचे, पण आपटायचे नाहीत, कारण आपटलं की आवाज होतो आणि आवाज झाला की शेजार जागा होतो. उजाडायच्या आत सगळं गच्चीवर वाळत घालून ते खाली येत आणि मग दार सताड उघडून मोठ्यांदा जांभई देत, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की साहेब आत्ता कुठे उठले. ज्याच्या सहीशिवाय कचेरीत फाईल हलत नाही त्याने चादर पिळताना दिसू नये, असं त्यांचं मत होतं. हे मत कुठल्या नियमात बसतं ते त्यांनी तपासलं नव्हतं. आयुष्यात न तपासता मानलेली तेवढी एकच गोष्ट असेल.

आता हा उपद्व्याप कशासाठी, ते सांगायला हवं. बायकोची मनगटं दुखत होती. डॉक्टरांनी ती दाबून पाहिली, वळवून पाहिली आणि म्हणाले, "बाई, पिळणं कायमचं बंद. ही मनगटं आहेत, नळाच्या चाव्या नाहीत." घरी आल्यावर तिने चहाची भरलेली किटली एका हाताने उचलायला घेतली, मध्येच थांबली आणि गुपचूप दुसरा हात खाली लावला. हेडक्लार्कांनी ते पेपराच्या वरून पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून ते पहाटे उठायला लागले.

"अहो, राहू द्या ना, मी करते हळूहळू," बायको म्हणाली.

"तू डॉक्टर आहेस का?" हेडक्लार्क म्हणाले. घरात माया दाखवायची झाली की ते असेच खेकसत.

घरी मशीन का आणली नाही, असं कुणी विचारेल. एक तर हेडक्लार्कांचा पगार पाहुण्यासारखा होता, यायचा आणि चहा घेऊन जायचा. दुसरं म्हणजे त्यांच्या दोन खोल्यांत मशीन ठेवली असती तर बायकोला जिन्यात उभं राहून स्वयंपाक करावा लागला असता. तिसरं कारण शेजाऱ्यांना सांगायचं होतं ते, की "यंत्राने कापडाचा जीव जातो." हे त्यांचं स्वतःचं संशोधन होतं.

तर एका पहाटे हेडक्लार्क बादली घेऊन गच्चीवर गेले आणि बघतात तो समोरच्या बिऱ्हाडातले पीटी मास्तर दोरीवर बनियन टाकताहेत. शाळेत शिट्टी फुंकून पाचशे पोरं उभी करणारा हा माणूस, आणि तोंडात चिमटा धरून उभा. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दोघांनी बादल्या पाठीमागे नेल्या. बादली ही पाठीमागे लपण्यासारखी वस्तू नाही, हे दोघांच्याही लक्षात आलं, पण तोवर उशीर झाला होता.

"व्यायाम," मास्तर म्हणाले. त्यांची बायको दुसऱ्या गावी नोकरीला होती, हे सगळ्या इमारतीला ठाऊक होतं.

"छान आहे," हेडक्लार्क म्हणाले. "मीही म्हटलं, जरा हवा खाऊ."

इतक्यात जिन्यावर पावलं वाजली आणि वकील वर आले. पायजम्यावर काळा कोट आणि हातात बादली. कोट अशासाठी, की कुणी भेटलंच तर कामाला निघालोय असं वाटावं. वकिलांची बायकोही वकील, आणि ती नवऱ्यापेक्षा जास्त खटले जिंकत असल्यामुळे धुण्याचा निकाल घरी आधीच लागलेला होता. तिघं अळीमिळी गुपचिळी करून उभे राहतात तोच नर्सबाई आल्या. रात्रपाळी करून आलेल्या, अंगावर अजून युनिफॉर्म, आणि टोपल्यात सासऱ्यांच्या चादरी. म्हातारे बरेच महिने अंथरुणाला खिळलेले, तेव्हा चादरी रोजच्या. त्यांनी तिघांकडे पाहिलं, तीन बादल्यांकडे पाहिलं, कोटाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि हसायला लागल्या.

"घरोघरी मातीच्या चुली," त्या म्हणाल्या. "काय हो, चौघं जण चोरासारखे उभे आहोत! सगळे मिळून एक मशीन का नाही घेत आपण?"

असा त्या गोष्टीचा जन्म झाला.

त्याच आठवड्यात हेडक्लार्कांच्या पुढच्या खोलीत आठही बिऱ्हाडांची सभा भरली. सभा म्हटली की सल्ला आला, आणि सल्ला फुकट असल्यामुळे भरपूर आला. कुणी म्हणालं, मशीन उभ्या तोंडाची घ्या. कुणी म्हणालं, आडव्या तोंडाची घ्या. तळमजल्यावरचे एक आजोबा म्हणाले की त्यांच्या तरुणपणी कपडे मळतच नसत. मास्तर म्हणाले, मशीन मजबूत हवी. वकील म्हणाले, आधी व्याख्या ठरवा, 'कपडा' म्हणजे काय? पायपुसणं कपड्यात येतं का? त्यावर अर्धा तास गेला आणि पायपुसणं एका मताने हरलं. हेडक्लार्कांना अध्यक्ष केलं, कारण खोली त्यांची होती आणि खुर्चीही. बायको दारात उभी राहून ऐकत होती. मशीन तळमजल्यावरच्या रिकाम्या सायकलखोलीत ठेवायची आणि वर्गणी ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे द्यायची, असं ठरलं. ही ऐपतीची सूचना हेडक्लार्कांना नियमबाह्य वाटली होती. पण कुणाची ऐपत किती हे कुणीच कुणाला विचारलं नाही आणि तरी रक्कम जमली. हा प्रकार कचेरीत त्यांनी कधी पाहिला नव्हता. ते रात्री बायकोला म्हणाले, "माणसं बरी आहेत गं आपली." ती म्हणाली, "तुम्हाला आज कळलं का?"

इमारतीतल्या टॅक्सीवाल्याने बातमी आणली की एक मोठं हॉटेल बंद होतंय आणि त्यांची मशीन स्वस्तात जातेय. लगेच पाहणी समिती निघाली. समितीत तिघं, आणि तिघांनीही कामं वाटून घेतलेली, कारण सहकार म्हणजे कामाची वाटणी, असं हेडक्लार्कांनी सभेत सांगितलं होतं. वकिलांनी कागद पाहिले. मास्तरांनी मशीनला दोन लाथा घालून मजबुती पाहिली. हेडक्लार्कांनी पावती पाहिली. पावतीवर गिऱ्हाइकाच्या नावाला एकच ओळ होती आणि मॅनेजर म्हणे, एकच नाव घाला. हेडक्लार्कांनी खूप विचार करून लिहिलं, 'आम्ही सगळे'. मॅनेजरने हॉटेल बंदच करायचं असल्यामुळे हरकत घेतली नाही.

मशीन केवढी आहे, हे मात्र कुणीच पाहिलं नाही. ते पाहणं कुणाच्याच वाट्याला आलं नव्हतं. हॉटेलचं तळघर हे एवढं अवाढव्य, आणि त्याच्या कोपऱ्यात मशीन अगदी बापडी दिसत होती. ती बापडी दुसऱ्या दिवशी टेम्पोतून उतरली तेव्हा सगळी गल्ली गोळा झाली. सायकलखोलीच्या दाराची चौकट काढावी लागली, मग थोडी भिंत काढावी लागली, आणि मशीन आत गेल्यावर ते सगळं परत लावावं लागलं. खोलीत मशीन आणि एक सडपातळ माणूस एवढंच मावत होतं. हेडक्लार्क सडपातळ नव्हते.

"मोठी आहे," नर्सबाई म्हणाल्या.

"भविष्याचा विचार केला," हेडक्लार्क म्हणाले. अध्यक्षांना असं काहीतरी म्हणावंच लागतं.

उद्‌घाटनाचा मान अध्यक्षांचा. दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीला जाण्याआधी त्यांनी आपल्या घरचे चार कपडे आत टाकले, खोलीचं दार लोटून घेतलं आणि बटण दाबलं. मशीनने आधी पाणी घेतलं, मग गुरगुरली, मग डोलली. आणि मग ती चालायला लागली. म्हणजे काम करायला लागली असं नव्हे, खरोखरच चालायला लागली. एवढ्याशा कपड्यांचा गोळा त्या प्रचंड पोटात एका बाजूने आपटायचा आणि प्रत्येक आपटीला ती एक पाऊल पुढे टाकायची. हेडक्लार्क मागे सरकले. ती पुढे आली. ते "अगं! अगं!" म्हणाले, हा घरातला शब्द, यंत्राशी बोलताना तोंडून गेला. ते जेमतेम बाजूला झाले, मशीन दाराला जाऊन टेकली आणि त्याच क्षणी इमारतीचा फ्यूज उडाला. दार आत उघडणारं. मशीन दाराला घट्ट. आत हेडक्लार्क.

गजांच्या खिडकीपाशी सगळी इमारत जमली. जो तो सल्ला देऊ लागला.

"घाबरू नका!" मास्तर ओरडले. "नाकाने श्वास घ्या, तोंडाने सोडा!"

"आत्ता काहीही बोलू नका," वकील म्हणाले. "बोललेलं पुढे अंगाशी येतं."

"अहो," बायकोने विचारलं, "डबा खिडकीतून देऊ का?"

हेडक्लार्कांना आयुष्यात इतकं अपमानित कधी वाटलं नव्हतं. कचेरीची वेळ टळून जात होती, पायाशी पाणी साचत होतं आणि आजोबा खिडकीतून बघत म्हणत होते, "आमच्या तरुणपणी असं नव्हतं." तोंड लपवायला जागा नव्हती म्हणून त्यांनी ते मशीनच्या पाठीकडे फिरवलं. तिथे एक पत्र्याची पाटी होती. आता वाचायचा धंदाच त्यांचा, त्यांनी ती वाचली.

"यावर लिहिलंय," ते पडेल आवाजात म्हणाले, "पाऊण भरल्याशिवाय चालवू नये."

नर्सबाई म्हणाल्या, "म्हणजे ही रिकाम्या पोटी नाचते. एका घराचं धुणं हिला पुरणारच नाही. आठांचं एकदम घातलं तरच ही जागेवर बसेल."

आधी अध्यक्षांना बाहेर काढणं भाग होतं. मास्तरांनी शिट्टी काढली. दाराला एकावर एक खांदे लागले. त्यात टॅक्सीवाला होता, वकील नवरा-बायको होती, नर्सबाई होत्या, हेडक्लार्कांची बायको मनगटं सांभाळून पाठ लावून उभी होती, आणि आजोबांनीही कुणाच्या तरी पाठीला हात लावला होता. शिट्टी वाजली, सगळे "हइशा!" म्हणाले आणि मशीन वीतभर सरकली. त्या फटीतून हेडक्लार्क आडवे होऊन बाहेर आले. शर्टाची दोन बटणं आत राहिली आणि अध्यक्षपदाचा रुबाबही थोडा आतच राहिला. मशीन रेटून जागेवर नेली, फ्यूज बदलला. आठही घरांतून चादरी, टॉवेल, पडदे, जे हाताला लागेल ते आलं. मास्तरांनी तर अंगातली जर्सी काढून दिली. मशीन भरली, बटण दाबलं, आणि पोटभर दूध प्यालेलं बाळ जसं निवांत पडतं तशी ती आपल्या जागी घुमायला लागली.

त्या दिवसापासून इमारतीचं धुणं एक झालं. खरं सांगायचं तर कुणाला दुसरा मार्गच नव्हता. एक बिऱ्हाड गावाला गेलं की मशीन चुळबुळायला लागायची, मग बाकीच्यांनी पडदे काढून भर घालायची. सुकवायची शिस्त मास्तरांनी लावली. घराघराप्रमाणे दोऱ्या न वाटता प्रकाराप्रमाणे वाटल्या, म्हणजे शर्टांची रांग, चादरींची रांग, पायजम्यांची रांग, उंचीनुसार. संध्याकाळी सगळे गच्चीवर घड्या घालायला जमायचे. यात झाकली मूठ कुणाची राहिली नाही. हेडक्लार्कांच्या बनियनची भोकं सर्वांनी पाहिली. वकिलांच्या रुबाबदार पँटला मागे ठिगळ आहे हेही सर्वांनी पाहिलं, आणि नंतर एकदा ते ठिगळ उसवल्याचं वकीलबाईंच्या लक्षात येण्याआधी टॅक्सीवाल्याच्या बायकोने नव्याने शिवून टाकलं. नर्सबाई पाळीवरून आल्या की सासऱ्यांची अंथरुणं कोरडी, घडी घातलेली दारात असायची. कुणी ठेवली ते विचारायची पद्धत नव्हती. हेडक्लार्कांच्या बायकोची मनगटं हळूहळू निवायला लागली. ती घड्या घालता घालता गुणगुणायची, आणि हेडक्लार्क चादरीचं दुसरं टोक धरून ऐकत उभे राहायचे. गाव करी ते राव न करी म्हणतात, ते त्यांना आता मनापासून पटलं होतं.

सगळं असं सुरळीत चाललं असताना मान आडवा आला. मान म्हणजे हेडक्लार्कांचा.

झालं असं, की एका सुट्टीच्या दिवशी कुणीतरी कपड्यांचं गाठोडं घेऊन जिन्यात उभा राहिला. गच्चीवरच्या त्या शिस्तशीर रांगा रस्त्यावरून दिसत होत्या.

"शर्टाचे किती घेता?" त्याने विचारलं.

आता सरळ सांगायचं, बाबा रे, ही लाँड्री नाही. पण हेडक्लार्कांना तो प्रश्न नाकाला झोंबला. "मी तुम्हाला कोण वाटलो?" इथून सुरुवात करून त्यांनी त्या माणसाला आपला हुद्दा, आपली नोकरीची वर्षं, सहकाराची तत्त्वं आणि सभ्य माणसाने गाठोडं घेऊन कुठे जावं याविषयी उभ्या उभ्या व्याख्यान दिलं. तो बिचारा शेवटी गाठोडं उचलून गेला. तो पाणीखात्यात मीटर वाचायला असतो आणि नुकताच बदली होऊन शेजारच्या गल्लीत एकटा राहतोय, हे कुणाला माहीत? माहीत झालं ते नोटीस आली तेव्हा. 'घरगुती नळजोडणीवर धुलाईचा व्यवसाय चालवीत असल्याचे निदर्शनास आले आहे. जोडणी का तोडू नये याबद्दल सुनावणीस हजर राहावे.'

"हात दाखवून अवलक्षण," बायको एवढंच म्हणाली. मग किटली उचलायला गेली आणि थांबली. जोडणी तुटली की मशीन बंद, आणि मशीन बंद की परत तीच मनगटं, तीच बादली. हेडक्लार्कांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

पुन्हा सभा भरली. वकील म्हणाले, "सगळ्यांनी जायचं आणि पांढरे कपडे घालून जायचं. पांढऱ्यात माणूस निष्पाप दिसतो." म्हणून सुनावणीच्या आदल्या दिवशी आठही घरांतले पांढरे कपडे मशीनमध्ये घालायचं ठरलं. मशीन भरायचा मान हेडक्लार्कांनी मागून घेतला. आपल्यामुळे झालेलं आपणच निस्तरावं, असं त्यांच्या मनात होतं. घसा बसला होता म्हणून गळ्यात लाल मफलर होता. मेव्हणीने दिलेला. 'रंग जन्मात जाणार नाही' असं ती म्हणाली होती, आणि मेव्हणीच्या शब्दावर शंका घ्यायची हेडक्लार्कांची प्राज्ञा नव्हती. कपडे नीट रचायला ते मशीनच्या पोटात कमरेपर्यंत वाकले, उठले, दार लावलं, बटण दाबलं. गळा मोकळा मोकळा वाटला, पण त्यांना वाटलं, घसा सुटला.

मशीन उघडली तेव्हा आतून पांढरं असं काहीच आलं नाही. शर्ट गुलाबी, युनिफॉर्म गुलाबी, मास्तरांची पँट गुलाबी, चादरी गुलाबी. फिकट-बिकट नव्हे, चांगला भरघोस गुलाबी. पहिल्यांदा सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. टॅक्सीवाला म्हणाला, आमच्याकडे लाल काही नाही. वकील म्हणाले, आरोप करण्याआधी पुरावा आणा. नर्सबाईंनी हात घालून तळाशी चाचपडलं आणि पुरावा बाहेर काढला. मफलरही आता गुलाबीच होता.

हेडक्लार्कांनी नकळत गळ्याला हात लावला. ते हळूच जिना चढून घरी गेले आणि दार लावून बसले.

"मी राजीनामा देतो," ते बायकोला म्हणाले.

"कशाचा? मफलरचा?"

"हसू नकोस. उद्या काय घालून जाऊ मी?" आणि खरंच पंचाईत होती. बाकीच्यांकडे रंगीत कपडे होते, निळे होते, चौकड्यांचे होते. हेडक्लार्क मात्र जन्मभर पांढरा शर्टच घालत आले होते. हेडक्लार्कने पांढराच घालावा, हेही त्यांचं मत. त्यांच्याकडचा प्रत्येक शर्ट आता गुलाबी होता. रात्रभर ते कूस बदलत राहिले.

सकाळी त्यांनी गुलाबी शर्ट चढवला, गळ्यापर्यंत बटणं लावली आणि आरशात न बघता दार उघडलं. मान खाली घालूनच जिना उतरायचा, कुणाशी बोलायचं नाही, असं ठरवलं होतं. पण मान खाली घातली तरी पायऱ्यांवरचे पाय दिसतातच. पायांच्या वर गुलाबी पँट दिसली. ती मास्तरांची होती. त्यांनी मान वर केली. जिन्यात वरपासून खालपर्यंत सगळी इमारत उभी होती आणि सगळी गुलाबी. वकिलांच्या काळ्या कोटातून गुलाबी कॉलर बाहेर आलेली. नर्सबाई गुलाबी युनिफॉर्ममध्ये. आजोबांनीही गुलाबी पैरण घातली होती आणि ते चिडलेले दिसत होते, पण घातली होती.

"अहो, पण तुमच्याकडे दुसरे कपडे होते," हेडक्लार्क म्हणाले.

"होते की," नर्सबाई म्हणाल्या. "पण एकाने गुलाबी घातला तर फजिती. आठ घरांनी घातला की तो गणवेश. चला, उशीर होतोय."

हेडक्लार्कांना भडभडून आलं. रडायला जिना ही योग्य जागा नव्हे म्हणून ते घसा बसल्यासारखं खाकरले. बायकोने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

पाणीखात्याची कचेरी बाकीच्या कचेऱ्यांसारखीच होती, म्हणजे सगळे बाहेर उभे आणि पंखा आत. साहेबांसमोर तो मीटर वाचणारा साक्षीला बसला होता. एवढी गुलाबी माणसं एकदम आत शिरताना पाहून साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला.

"तुम्ही कुठल्या संघटनेचे?" त्यांनी जपून विचारलं.

वकिलांनी व्याख्येपासून सुरुवात केली. साहेबांनी दोन वाक्यांत त्यांना थांबवलं. "माझ्या कागदावर दोनच रकाने आहेत. घरगुती आणि व्यावसायिक. आठ घरांचे कपडे एका मशीनवर धुतले जातात, हे घरगुती कसं? मालक कोण मशीनचा?"

"आम्ही सगळे," हेडक्लार्क म्हणाले.

"गिऱ्हाईक कोण?"

"आम्ही सगळे."

"नोकर?"

"आम्हीच, साहेब."

"मग नफा कोणाला?"

हेडक्लार्क यासाठी नियम आठवू लागले, तेवढ्यात बायको पुढे आली. तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि मनगटं फिरवून दाखवली, आधी एक, मग दुसरं. "हा नफा," ती म्हणाली. "साहेब, वर्षभर मला एका हाताने किटली उचलता येत नव्हती. आता येते. तुमच्या कागदावर याला कुठला रकाना आहे ते बघा."

साहेबांनी कागद उलटून पाहिला. पण साहेब तो साहेबच. त्यांनी मीटरवाल्याकडे बोट केलं. "पण बाहेरचे कपडे घेत नाही याला पुरावा काय? हा म्हणतो, रस्त्यावरून सरळ लाँड्रीच दिसते."

बायकोने सगळ्या गुलाबी माणसांवरून नजर फिरवली आणि हसली. "पुरावा अंगावर घालून आलोय की! अहो, गिऱ्हाइकाचा पांढरा शर्ट आम्ही असा करून दिला असता, तर गिऱ्हाईक आज तुमच्या बाजूला बसून आमच्या नावाने बोटं मोडत असतं. आमच्या बाजूला, तोच शर्ट घालून, कशाला उभं राहील? असं घरचंच माणूस करतं."

साहेबांनी एकदा वकिलांच्या कॉलरकडे पाहिलं, एकदा आजोबांच्या पैरणीकडे पाहिलं आणि त्यांना इतकं हसू आलं की चहा फाईलवर सांडला. हसता हसताच त्यांनी 'घरगुती' या रकान्यात खूण केली.

बाहेर पडताना मीटरवाला मागून आला. त्याच्या हाताला साबणाने भेगा पडलेल्या हेडक्लार्कांना आता दिसल्या. "माझी तक्रार नव्हती हो तशी," तो चाचरत म्हणाला. "मी एकटाच राहतो. कपडे धुवायला… मला तुमचं नववं घर म्हणून घेता येईल का?"

सगळ्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं. हेडक्लार्कांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "पांढरे शर्ट आहेत का?" त्यांनी करड्या आवाजात विचारलं.

"आहेत ना, चार."

"राहायचे नाहीत," हेडक्लार्क म्हणाले, आणि त्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला बरोबर घेऊन निघाले. "गाठोडं आण संध्याकाळी. एक बिऱ्हाड आज दुपारी गावाला निघालंय, मशीन चुळबुळेल."

बायको वाटेत म्हणाली, "तुमच्यासाठी दोन पांढरे शर्ट घेऊ या का जाता जाता? तुम्हाला कचेरीत जायचंय."

हेडक्लार्क तसेच कचेरीत गेले. पांढऱ्या शर्टांच्या रांगेतून जाऊन आपल्या खुर्चीवर बसले आणि पहिली फाईल ओढली. सगळी कचेरी बघत होती. शेवटी मोठ्या साहेबांनीच बोलावून घेतलं आणि चष्मा वर करून विचारलं, "हेडक्लार्क, हा रंग कसला?"

"आमच्या इमारतीचा, साहेब," हेडक्लार्क म्हणाले आणि ताठ मानेने उभे राहिले.